ड्रॅग कार बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्यांची, उभ्या जागेवरून सुटून सरळ रेषेत पळायची, थोड्या अंतराची शर्यत. खालचे प्रश्न तिच्यासाठी गाडी बांधायला घेतलेल्या किंवा घेण्याच्या विचारात असलेल्या मंडळींकडून सतत येतात. उत्तरं मूळ बॉडी शेल ठेवून बांधलेल्या, पाव मैल पळणाऱ्या चारचाकीसाठी आहेत. सुरक्षेचे आकडे मुख्यतः एनएचआरए या अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंग संस्थेच्या नियमपुस्तकातले आहेत, कारण विकत मिळणाऱ्या रेसिंगच्या भागांवर एसएफआयचे (भागांच्या सुरक्षेची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचे) जे शिक्के असतात ते त्याच चौकटीतले. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संघटनेचा आकडा असेल तिथे तसं लिहिलंय. तुम्ही ज्या शर्यतीत उतरणार तिची नियमावली आधी हातात घ्या. तिच्यात आणि इथे फरक दिसला तर तिचंच ऐका.

१. ड्रॅग रेसमध्ये काय मोजतात? आधी पोहोचला तो जिंकला, एवढंच ना?

जिंकतो तो आधी पोहोचणाराच. पण धावेनंतर मिळणाऱ्या चिठ्ठीवर आकडे बरेच येतात. हिरव्या दिव्यापासून गाडी हलेपर्यंतचा वेळ हा रिॲक्शन टाइम. पुढचं चाक सुरुवातीच्या किरणातून बाहेर पडलं की घड्याळ सुरू होतं आणि शेवटच्या रेषेवर थांबतं, तो ईटी (इलॅप्स्ड टाइम). शेवटच्या टप्प्यातला वेग हा ट्रॅप स्पीड. ईटीचं घड्याळ दिव्यावर सुरू होत नाही, गाडी हलल्यावर होतं. म्हणून तर ११.८० ची गाडी ११.७० च्या गाडीला हरवू शकते: तिचा चालक लवकर सुटलेला असतो.

गाडी बांधणाऱ्याने मात्र आधी पाहायचा तो पहिल्या ६० फुटांचा वेळ. तिथे वाचलेला दशांश सेकंद पाव मैलाच्या शेवटी साधारण दीड ते दोन दशांश होऊन परत मिळतो. पुढची बरीचशी उत्तरं या एका आकड्याभोवती फिरतात.

२. पाव मैल, आठवा मैल, हजार फूट: गाडी कशासाठी बांधू?

पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, आठवा मैल म्हणजे २०१. हजार फुटांचं अंतर टॉप फ्युएल आणि फनी कार या सर्वात वेगवान वर्गांचं. २००८ साली फनी कारचे चालक स्कॉट कॅलिटा यांचा शर्यतीत मृत्यू झाल्यावर एनएचआरएने त्या वर्गांसाठी पाव मैल कमी करून हजार फूट केला. तुम्ही पाव मैल धरून बांधा. आठव्या मैलाला फक्त डिफरन्शियलचं गुणोत्तर बदलावं लागेल, गाडी तीच राहील.

३. ही गाडी रस्त्यावर चालवता येईल का?

नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केलं. मागची जमीन (गाडीचा तळाचा पत्रा) कापलेली, सीट काढलेली, केज (चालकाभोवतीचा स्टीलच्या पाइपांचा सांगाडा) बसवलेली गाडी या कलमात कुठेच बसत नाही. सार्वजनिक रस्त्यावर वेगाची चाचणी किंवा शर्यत लावणं हा कलम १८९ खाली वेगळा गुन्हा आहे. रात्रीच्या रिकाम्या महामार्गावर "फक्त एकदा टेस्ट" करण्याबद्दल विचारणाऱ्यांना माझं उत्तर ठाम नाही असंच आहे. तिथे समोरून येणाऱ्या माणसाने शर्यतीत नाव नोंदवलेलं नसतं.

कायदेशीर वाट म्हणजे एफएमएससीआय, म्हणजे देशातली मोटरस्पोर्टची मान्यताप्राप्त संस्था, तिचा स्पर्धक परवाना आणि तिच्या मान्यतेने होणारी स्पर्धा. लोणावळ्याजवळच्या ॲम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर झालेली 'द व्हॅली रन' ही ड्रॅग स्पर्धा आपल्याकडच्या बहुतेकांना ठाऊक आहे. दुचाकींच्या राष्ट्रीय ड्रॅग स्पर्धा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर होतात. तिथवर गाडी ट्रेलरवरून न्यायची, तेव्हा ट्रेलरचा खर्च पहिल्या दिवसापासून हिशेबात धरा. पुढे-मागे ओढायचे हूकही केजचं काम चालू असतानाच लावून घ्या.

४. इंजिन आधीच मशीन शॉपला दिलंय. सुरुवात बरोबर झाली ना?

क्रम उलटा झाला. ड्रॅग कार मागच्या टायरपासून पुढे बांधत आणायची: टायर, ॲक्सल, सस्पेन्शन, केज, ब्रेक, गिअरबॉक्स आणि शेवटी इंजिन.

कारण सरळ आहे. टायर जमिनीला जेवढं चिकटेल तेवढीच ताकद कामाला येते, बाकीचीचा धूर होतो. अमेरिकेतल्या ड्रॅग स्ट्रिपवर रबराचा थर बसलेला असतो आणि वर चिकट द्रव फवारतात. आपण पळतो ते बहुतेक वेळा विमानांच्या धावपट्टीवर. ती विमान थांबवायला बांधलेली, तिच्यावर ना रबर ना द्रव. त्यामुळे परदेशी व्हिडिओत ५०० एचपीची गाडी जशी सुटते तशी इथे सुटणार नाही. टायर आणि मागचं सस्पेन्शन नीट जमलेली २५० एचपीची गाडी इथे ४०० एचपीच्या घसरणाऱ्या गाडीला पहिल्या शंभर मीटरमध्ये मागे टाकते.

दुसरं कारण जागेचं. टायरची रुंदी ठरल्याशिवाय मागचे चाकखण किती कापायचे ते कळत नाही, ते कळल्याशिवाय ॲक्सलची लांबी ठरत नाही आणि ॲक्सल बसल्याशिवाय केजचे मागचे पाय कुठे उतरतील ते सांगता येत नाही. इंजिन आधी आणलं तर या सगळ्याला त्याच्याभोवती वाकवावं लागतं. इंजिन परत येईल तेव्हा तेल लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कोपऱ्यात ठेवा आणि वरच्या क्रमाने टायरपासून कामाला लागा.

५. अकरा-साडेअकरा सेकंदांसाठी किती एचपी लागेल?

अंदाजाला एक जुनं, उपयोगी सूत्र आहे. चालकासकट वजन पौंडात घ्या, एचपीने भागा, उत्तराचं घनमूळ काढा आणि ५.८२५ ने गुणा. मिळेल तो ईटी, पकड चांगली आहे असं धरून.

९५० किलोची गाडी, हेल्मेट-सूटसह ९० किलोचा चालक, म्हणजे १०४० किलो किंवा सुमारे २२९३ पौंड. ३०० एचपीला उत्तर येतं ११.४७ सेकंद. २०० एचपीला १३.१३. आता ३०० एचपी तशीच ठेवून १०० किलो उतरवून पाहा: ११.०९. तेवढाच फायदा ताकदीने मिळवायचा तर आणखी ३२ एचपी लागेल. मागचं सीट, आवाज अडवणारी चादर, एसी, स्पेअर चाक काढायला पाने आणि एक दुपार लागते. ३२ एचपीचा खर्च इंजिनवाल्याला विचारून बघा.

ट्रॅप स्पीडसाठी उलटं करायचं: एचपी भागिले वजन, घनमूळ, गुणिले २३४. उत्तर ताशी मैलांत येतं. ३०० एचपीच्या वरच्या उदाहरणात ताशी १९१ किलोमीटर. हा आकडा लिहून ठेवा, प्रश्न १९ मध्ये तो लागणार आहे.

६. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक आहे. चालेल का, की मागच्या चाकांचीच गाडी घेऊ?

चालेल, पण भौतिकशास्त्र तुमच्या विरुद्ध आहे हे समजून घ्या. गाडी झेपावते तेव्हा वजन मागे सरकतं. १००० किलोची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ५० सेंमी, व्हीलबेस २४० सेंमी आणि प्रवेग ०.६ जी असेल तर सुमारे १२५ किलो पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर जातात. मागची चाकं ओढत असतील तर हा आयता मिळालेला भार. पुढची ओढत असतील तर नेमका हवा तेव्हा गेलेला.

म्हणून फ्रंट व्हील ड्राइव्हमध्ये सगळी खटपट वजन पुढे राखण्याची असते: मागचं सस्पेन्शन कडक, बॅटरी पुढेच, पुढचे टायर मोठे आणि मागे व्हीली बार, म्हणजे टोकाला छोटी चाकं असलेला, मागे वाढवलेला दांडा. इथे तो बार पुढची चाकं हवेत जाऊ नयेत म्हणून नाही, गाडी मागे बसून वजन मागे सरकू नये म्हणून लावतात.

मागच्या चाकांची गाडी आपल्याकडे स्वस्तात हवी तर पद्मिनी, काँटेसा, ॲम्बेसेडर. तिघींना सलग मागचा ॲक्सल आहे आणि तो सोडवून खाली उतरवणं सोपं आहे. शिकायला याहून चांगली गाडी नाही. शेल मात्र गंजलेलं नसावं. गंजक्या सिलला (दाराखालच्या पोकळ पट्टीला) केजचा पाय जोडणं म्हणजे केज न लावण्यासारखंच.

७. केज कधीपासून सक्तीचा? माझी गाडी तेरा सेकंदांची आहे.

एनएचआरएच्या नियमात पाव मैलाला ११.४९ सेकंद किंवा त्याहून जलद धावणाऱ्या गाडीला रोल बार (चालकाच्या मागची कमान आणि तिचे आधार) लागतो आणि १०.९९ पासून पूर्ण केज. फायरवॉल (इंजिन आणि चालक यांच्या मधला पत्रा), जमीन आणि बॉडी मूळची असेल तर १०.०० पर्यंत रोल बारवर भागतं. ९.९९ आणि त्याखाली केज अटळ, शिवाय चॅसीचं प्रमाणपत्रही. उघड्या टपाच्या गाड्यांना नियम आधीच लागू होतात. २००८ किंवा त्यानंतरच्या, एअरबॅगसह मूळ स्थितीतल्या गाड्यांना सवलत आहे, पण तुम्ही जमीन कापलीत की ती सवलत विसरा.

तेरा सेकंदांना नियम गप्प आहे. तरी माझं मत: प्रश्न ५ चं गणित करून दोन हंगामांनी कुठे पोहोचायचंय ते पाहा आणि त्या वेळेचा केज आत्ताच बांधा. रंगवलेल्या, वायरिंग झालेल्या गाडीत पुन्हा वेल्डिंग करणं दुप्पट काम आहे.

८. पाइप कोणता घेऊ? फॅब्रिकेशनवाला म्हणतो जीआय पाइप जाड आहे, तोच लावू.

पाण्याचा जीआय पाइप नको. तो पाणी वाहायला बनवलेला असतो, आपटल्यावर दुमडतो किंवा शिवणीवर फाटतो. शिवाय जस्ताचा धूर वेल्डरच्या फुप्फुसात जातो आणि वेल्डमध्ये भोकं राहतात.

एनएचआरएनुसार रोल बारला १¾ इंच म्हणजे ४४.४५ मिमी व्यासाचा पाइप लागतो. साध्या स्टीलला भिंत ३.० मिमी, ४१३० क्रोमोलीला (क्रोम-मॉलिब्डेनमच्या जास्त मजबूत स्टीलला) २.१ मिमी. पूर्ण केजला व्यास १⅝ इंच, म्हणजे ४१.३ मिमी चालतो, भिंती त्याच. एफआयएच्या तक्त्यात मुख्य कमानीला ४५ × २.५ किंवा ५० × २.० मिमी, बाकीच्या नळ्यांना ३८ × २.५ किंवा ४० × २.० मिमी, आणि पाइप कोल्ड-ड्रॉन सीमलेस कार्बन स्टीलचाच हवा. एनएचआरएच्या केजचा ४१.३ चा पाइप एफआयएच्या मुख्य कमानीच्या ४५ ला कमी पडतो आणि एफआयएची २.५ ची भिंत एनएचआरएच्या ३.० ला. तेव्हा कोणतं पुस्तक लागू ते ठरवूनच पाइप कापा.

क्रोमोली घेण्याचं कारण वजन. ४१.३ मिमीचा साधा पाइप मीटरला सुमारे २.८ किलो भरतो, क्रोमोली २.०. केजला २० मीटर पाइप धरला तर १६ किलो वाचतात. पहिल्याच गाडीला मी साधा सीमलेस सुचवेन. तो सहज मिळतो, वेल्डिंगला माफ करतो आणि चुकला तुकडा टाकून देताना जीव कासावीस होत नाही. पाइप घेताना मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि भिंत व्हर्नियरने दोन्ही टोकांना मोजा.

९. प्लंबरच्या हायड्रॉलिक बेंडरवर कमान वाकवू का?

नका. तो पाइप दोन टेकूंवर ठेवून मधे दाबतो, आतली बाजू चेपते. एफआयएचा निकष असा: थंडच वाकवायचं, वाकाची त्रिज्या मध्यरेषेवर व्यासाच्या किमान तिप्पट आणि वाकावर लहान व्यास भागिले मोठा व्यास ०.९ पेक्षा कमी नको. सुरकुती दिसली की तो पाइप भंगारात. पुणे-कोल्हापूरकडच्या एमआयडीसीत मँड्रेल बेंडिंग (पाइपच्या आत गाभा घालून वाकवणं) किंवा सीएनसी बेंडिंग करून देणारे आहेत. बसचे दांडे आणि सायलेन्सरचे पाइप करणाऱ्यांकडे चौकशी करा. तारेचा किंवा पातळ सळईचा नमुना गाडीत बसवून घ्या आणि तोच घेऊन जा. वाकाच्या बाहेरच्या बाजूला भिंत पातळ होते, म्हणून सुरुवातच किमान जाडीपेक्षा थोड्या जाड पाइपने करावी.

आकाराचंही लक्षात ठेवा. कमान चालकाच्या हेल्मेटच्या वर किमान ३ इंच आणि डोक्याच्या मागे ६ इंचांच्या आत हवी. बाजूचा दांडा खांदा आणि कोपर यांच्या मधोमध जायला हवा. हे माप चालकाला सूट-हेल्मेट घालून, पट्टे आवळून, खऱ्या सीटमध्ये बसवून घ्यायचं. सीट ठरलं नसेल तर कमान वाकवू नका.

१०. जोड कसे बसवायचे? ग्राइंडरने अंदाजे कापून फट वेल्डने भरली तर?

फट भरलेला जोड बाहेरून भरीव दिसतो आणि आत पोकळ असतो. होल सॉने नॉच (पाइपच्या टोकाला गोल खाच) काढा, मग अर्धगोल कानसने खाच घासत घासत पाइप समोरच्या पाइपवर असा बसवा की मागून बॅटरी मारली तर उजेड दिसू नये. केजमध्ये सर्वात जास्त वेळ इथेच जातो आणि तो जायलाच हवा. वेल्डिंग त्यामानाने लवकर उरकतं.

नॉच झाल्यावर टोकापासून दोन-तीन सेंमी पाइप आतून-बाहेरून चकचकीत करायचा, काळा पापुद्रा आणि तेल दोन्ही घालवायचे, ॲसिटोनने पुसायचं. मग संपूर्ण केज फक्त टॅकवर (वेल्डच्या छोट्या तात्पुरत्या ठिपक्यांवर) उभा करा, एका जोडाला चार टॅक. दारं लागतात का, चालक आत-बाहेर होतो का, गिअरचा हात दांड्याला अडतो का, सगळं तपासा. कमानीच्या दोन पायांमध्ये तात्पुरता आडवा पाइप टॅक करा, नाहीतर वेल्ड थंड होताना पाय आत ओढले जातात. वेल्ड एका सपाट्यात फिरवू नका. जोडाचा पाव भाग करा, समोरच्या बाजूच्या जोडाकडे जा, परत या.

टपाला चिकटलेल्या जोडांची वरची बाजू कशी वेल्ड करायची, हे सगळेच विचारतात. जिथे पाय उतरणार तिथे जमिनीला भोक पाडून केज तेवढा खाली सोडायचा, वरचे जोड पूर्ण गोल वेल्ड करायचे, मग केज वर उचलून पायाखाली प्लेट सरकवायची. त्या प्लेटचं क्षेत्रफळ एफआयएनुसार किमान १२० चौसेंमी आणि जाडी ३ मिमी. ती सिलच्या उभ्या भागावरही चढवली तर भार एका पत्र्यावर येत नाही.

११. आमच्याकडे मिग आहे. क्रोमोली त्यावर चालेल का? आणि वेल्ड घासून गुळगुळीत करू का?

साध्या स्टीलला मिग किंवा टिग दोन्ही चालतात. एनएचआरए क्रोमोलीला टिगच मागते. फिलर ईआर-७०एस-२ किंवा ईआर-८०एस-डी२. ३ मिमीपर्यंतच्या भिंतीला आधी तापवायची गरज नाही, पण जोड स्थिर हवेत आपोआप थंड होऊ द्या. ओलं फडकं नको, कॉम्प्रेसरची हवा नको, पंखासुद्धा बंद ठेवा. एकदम थंड झालेलं क्रोमोली वेल्डच्या कडेला काचेसारखं ठिसूळ होतं आणि तडा वेल्डमध्ये नाही, त्याच्या शेजारच्या पट्ट्यात जातो.

वेल्ड घासायचा नाही. घासलेला वेल्ड तपासणीत नापास होतो, कारण आत किती भरलंय ते कळत नाही आणि भिंतही पातळ होते. शंका असेल तिथे डीपी टेस्ट करा. लाल द्रव लावायचा, पुसायचा, पांढरं डेव्हलपर फवारायचं. तडा असेल तर पांढऱ्यावर बारीक लाल रेघ उमटते.

१२. मागे फोर-लिंक लावतोय. दांडे समांतर ठेवू का?

समांतर ठेवले तरी चालेल, पण फोर-लिंक (ॲक्सलला चार दांड्यांनी गाडीशी जोडणारं सस्पेन्शन) लावण्याचं कारणच तो कोन बदलता येणं हे आहे. बाजूने पाहताना वरचा आणि खालचा दांडा पुढे वाढवत न्या, रेषा जिथे मिळतात तो इन्स्टंट सेंटर. गाडी त्या बिंदूतून पुढे ढकलली जाते. बिंदू जवळ आणि उंच असेल तर टायरवर झटका जोरात बसतो, लांब आणि खाली असेल तर सौम्य. धावपट्टीवर पकड कमी असते, तिथे फार जोराचा झटका टायर क्षणभर दाबून लगेच सोडून देतो. मी लांबच्या बिंदूपासून सुरू करून एकेक भोक बदलत जायला सांगेन. कंसात भोकं तीन-चार ठेवा. दांड्याच्या एका टोकाला उजवे आटे, दुसऱ्याला डावे घ्या, म्हणजे न सोडता लांबी बदलता येते.

पिनियनचा, म्हणजे डिफरन्शियलमध्ये शिरणाऱ्या पुढच्या गिअरचा, कोन यातच येतो. जोर आला की पिनियनचं नाक वर उचलतं, म्हणून उभ्या गाडीत ते प्रॉपेलर शाफ्टच्या रेषेपेक्षा अंश-दोन अंश खाली ठेवतात. कमान्यांच्या गाडीत जरा जास्त, फोर-लिंकमध्ये कमी.

१३. ॲक्सल शाफ्ट लोकल लेथवर बनवून घेतले तर टिकतील का?

धातू, उष्णता-प्रक्रिया आणि कोपऱ्यांचा गोलवा, तिन्ही बरोबर असेल तर टिकतात. ईएन-२४ मागा, म्हणजे निकेल-क्रोम-मॉलिब्डेनमचं स्टील, परदेशी पुस्तकांतलं ४३४०. ईएन-८ या कामाला कमी पडतं. हार्डनिंग-टेम्परिंगनंतर कडकपणाचा रिपोर्ट घ्या. नुसतं "कडक करून दिलं" यावर शाफ्ट बसवू नका.

शाफ्ट तुटतो तो बहुधा स्प्लाइन (टोकाचे दाते) संपते तिथे किंवा व्यास बदलतो तिथे. टर्नरला सांगा की काटकोनी खांदा नको, गोलवा हवा आणि टूलच्या रेघा पॉलिशने घालवायच्या. बसवल्यावर शाफ्टवर लांबीभर पांढऱ्या रंगाची सरळ रेघ मारा. धावेनंतर रेघ पिळलेली दिसली तर शाफ्ट कायमचा वळला आहे, बदला.

प्रॉपेलर शाफ्टला लूप हवाच. पुढच्या जॉइंटपासून ६ इंचांच्या आत, शाफ्टला पूर्ण गोल वेढणारी, किमान पाव इंच (६.३५ मिमी) जाड आणि दोन इंच (५०.८ मिमी) रुंद पट्टी. पुढचा जॉइंट तुटला की शाफ्टचं टोक जमिनीत रुतून गाडी उचलू शकतं, किंवा गाडीचा तळ फोडून चालकापर्यंत येतं. शाफ्ट बॅलन्स करून घेणं वेगळं सांगायला नको.

१४. मूळ फ्लायव्हील लेथवर हलकं करून घेतलं तर?

या एका प्रश्नावर मी कुणाशीही वाद घालायला तयार आहे. बिडाचं मूळ फ्लायव्हील कापून हलकं करून ड्रॅग कारमध्ये लावू नका. त्यातली ऊर्जा फेऱ्यांच्या वर्गाने वाढते: ४००० वरून ८००० आरपीएमला गेलात की चौपट. बीड ताणाला कच्चं असतं, क्लच घसरून तापलं की पृष्ठभागावर बारीक तडे पडतात, आणि फुटलं तर तुकडे चालकाच्या पायांच्या पातळीवर उडतात. एनएचआरए ११.४९ पासून खाली एसएफआय शिक्क्याचं स्टील किंवा ॲल्युमिनियमचं फ्लायव्हील-क्लच आणि त्याभोवती संरक्षक बेलहाउसिंग मागते ते याचसाठी.

८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर डॉन गार्लिट्स यांच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स सुरुवातीच्या रेषेवरच फुटला. उजव्या पावलाचा भाग गेला, गाडीचे दोन तुकडे झाले. तोवर चालक इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मागे बसत असे. गार्लिट्स यांनी पुढची गाडी इंजिन पाठीमागे घेऊन बांधली, १९७१ पासून ती जिंकू लागली आणि सगळा वर्ग तिच्यामागे गेला.

१५. मग काय इथे बनवायचं आणि काय विकतच घ्यायचं?

फुटल्यावर गाडी फक्त थांबते असे भाग इथे बनवा: इंजिन-गिअरबॉक्सचे माउंट, कंस, इंटरकूलरच्या टाक्या, तेलाचा कॅच टँक, पेडल बॉक्सची बैठक, सगळं पत्राकाम. कोल्हापूर-पुण्याच्या पट्ट्यात लेझर कटिंग, लेथ, व्हीएमसी आणि ओतकाम हाकेच्या अंतरावर आहे. ड्रॉइंग नीट दिलंत तर काम उत्तम होतं. ड्रॉइंगवर टॉलरन्स लिहा. "फिट बसलं पाहिजे" हे माप नव्हे.

चालकाच्या अंगाला लागणारं आणि फुटल्यावर त्याच्याकडे येणारं सगळं शिक्क्यासकट विकत: पट्टे, हेल्मेट, सूट, मानेचा आधार, सीट, फ्लायव्हील, बेलहाउसिंग, स्लिक (खाचा नसलेले) टायर, पॅराशूट. ॲक्सल शाफ्ट मधल्या रेषेवर आहेत, त्यांचं प्रश्न १३ मध्ये आलंच.

पट्ट्यांबाबत एक खटकणारी गोष्ट. एसएफआय १६.१ च्या पट्ट्यावर तारीख असते आणि तो दोन वर्षांनी बाद होतो, नवाकोरा दिसत असला तरी. उन्हाने धागा आतून कमजोर होतो, डोळ्याला कळत नाही. "पडून होता, स्वस्तात देतो" असा पट्टा घेऊ नका.

१६. टर्बो मॅनिफोल्ड सारखा तडकतो. वेल्डरची चूक का?

कधी वेल्डरची, बहुतेक वेळा आखणीची. टर्बोचं वजन मॅनिफोल्डवर टांगलेलं असेल तर लाल तापलेला पाइप ते किती दिवस पेलणार? टर्बोला ब्लॉकवरून स्वतंत्र कंस द्या. एक्झॉस्टला लवचिक बेलो लावा. फ्लँज १० ते १२ मिमी जाड घ्या, वेल्ड करताना ती जुन्या सिलिंडर हेडला बोल्ट करून ठेवा आणि हळूहळू थंड होऊ द्या. शेवटी दोन पोर्टच्या मधे फ्लँज कापून टाका, म्हणजे प्रत्येक तुकडा आपापला फुगेल.

एसएस ३०४ वापरत असाल तर आतून आर्गॉन सोडूनच वेल्ड करा. नाहीतर आतला वेल्ड काळा, खडबडीत फुलतो, तडा तिथून सुरू होतो आणि सुटलेले कण थेट टर्बोच्या पंख्यात जातात. जाड भिंतीचा साधा स्टील पाइप जड असतो, पण स्टेनलेसपेक्षा कमी फुगतो. पहिल्या गाडीला तो वाईट नाही.

१७. मिथेनॉल किंवा नायट्रोवर चालवू का?

नायट्रोमिथेन सोडा. टॉप फ्युएलमध्ये ते ९० टक्क्यांपर्यंत असतं आणि त्या गाड्यांची इंजिनं प्रत्येक धावेनंतर उघडतात. मिथेनॉल गाडी थंड ठेवतं आणि जास्त बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) सहन करतं, पण पेट्रोलच्या सव्वादोन पट इंधन लागतं, म्हणजे पंप, इंजेक्टर, पाइप सगळं मोठं. ते ॲल्युमिनियम खातं, शर्यतीनंतर टाकी आणि लाइन रिकामी करून पेट्रोल फिरवावं लागतं. त्याची ज्वाला दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही. चालक जळत असताना बाहेरच्यांना कळत नाही. आग विझवायची यंत्रणा आणि ती वापरायला शिकलेली माणसं नसतील तर मिथेनॉल नको.

१८. रोजच्या गाडीत केज लावला तर घरच्यांसाठी जास्त सुरक्षित होईल ना?

हा प्रश्न काळजीपोटी येतो आणि उत्तर ऐकून लोक चकित होतात. नाही होणार. केज हेल्मेट, पाच-सहा पट्टे आणि घट्ट सीट यांच्याबरोबरच काम करतो. साध्या पट्ट्यात माणूस हलतो आणि उघडं डोकं स्टीलच्या दांड्यावर आदळतं. दांड्यावरचं पॅडिंग हेल्मेटसाठी असतं, कवटीसाठी नाही. मागच्या सीटवरच्या मुलाच्या डोक्यापासून आडवा दांडा किती लांब आहे ते एकदा हाताने मोजा. शिवाय कायद्याची बाजू प्रश्न ३ मध्ये आहेच.

१९. डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) ३०० एचपी, गणिताने ११.५ यायला हवं, येतंय १२.४. इंजिन खोटं बोलतंय का?

आधी ट्रॅप स्पीड पाहा. तो ताकद सांगतो, ६० फुटांचा वेळ चॅसी सांगतो. वेग ताशी १९० च्या आसपास असेल तर इंजिन ठीक आहे आणि वेळ सुरुवातीला वाया जातोय. टायरची हवा, बर्नआउट (सुटण्याआधी टायर जागेवर फिरवून तापवणं), सुटतानाचे आरपीएम, शॉक ॲब्सॉर्बर, मग प्रश्न १२ मधला बिंदू, या क्रमाने शोधा. एका धावेला एकच गोष्ट बदला आणि लिहून ठेवा. ६० फूट चांगले आणि ट्रॅप स्पीड कमी असेल तर मात्र वरच्या गिअरमध्ये बूस्ट पडतोय का, इंधनाचा दाब टिकतोय का, क्लच घसरतोय का ते पाहा. दोन्ही आकडे चांगले आणि ईटी वाईट असेल तर गिअर बदलताना वेळ जातोय.

दोन्ही वाईट असतील तर गाडी चारही चाकांखाली काटा ठेवून मोजा. ९५० किलोची समजलेली गाडी केज, मोठा ॲक्सल, बॅटरीचा खोका आणि टर्बो लागल्यावर ११०० भरते, हे सारखं घडतं.

२०. ब्रेक मूळचेच ठेवले तर? आणि पॅराशूट कधी लागतं?

एनएचआरए पॅराशूट ताशी १५० मैल, म्हणजे २४१ किलोमीटरच्या पुढे सक्तीचं करते. ते केजला किंवा चॅसीला बांधायचं, डिकीच्या पत्र्याला नाही, आणि दोरीची ओढ गुरुत्वमध्याच्या उंचीवर यावी. फार वर बांधलं तर पुढची चाकं हलकी होतात.

मूळ ब्रेक मूळ वेगासाठी असतात. पुढे मोठी डिस्क, नवी लाइन, ताजं ऑइल हवं. लाइन केजच्या किंवा प्रॉपेलर शाफ्टच्या लूपच्या आतून नेऊ नका. बर्नआउटसाठी लाइन-लॉक (फक्त पुढचे ब्रेक धरून ठेवणारा व्हॉल्व्ह) लावला असेल तर तो पार्किंग ब्रेक म्हणून वापरू नका. नव्या जागी गेलात की धावपट्टी आधी पायी चाला: शेवटच्या रेषेपुढे थांबायला किती मीटर आहेत, खडी कुठे सुरू होते, उतार कुठे आहे. जागा कमी वाटली तर पहिली धाव अर्ध्यात सोडून ब्रेक आजमावा. मगच पूर्ण धाव.